तिसरी ओळ

"हिच्यापुढे तुमचं नावच येत नाही हो," वॉचमनकाका म्हणाले तेव्हा दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. हाच माणूस गेली तीन वर्षं रोज याच वेळी तिला पाहून नुसतं "आलात?" म्हणायचा आणि वहीत टिंब द्यायचा. आज वही नव्हती. आज त्यांच्या हातात पाटीएवढ्या टॅबचा काळा पडदा होता, आणि ते कधी त्या पडद्याकडे, कधी तिच्या तोंडाकडे बघत होते. दोघांतलं एक खोटं असणार आणि पडदा काही खोटं बोलणार नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता. गजांच्या पलीकडे खडू उभी होती. आठ वर्षांची, दप्तर एका खांद्यावर लोंबतंय, पाण्याच्या बाटलीचा पट्टा दातात. लहानपणी फळ्याचे खडू खायची म्हणून आईने ठेवलेलं नाव. आई गेली, नाव राहिलं. "काका, मी कोण आहे हे तुम्हाला माहीत नाही?" तिने विचारलं. "मला माहीत आहे हो. याला माहीत नाही." "मग याला सांगा." "हा ऐकत नाही ना. हा नुसता सांगतो." मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते तिला आजवर बोलण्यापुरतं वाटायचं. आता ती आग पोटऱ्यांतून, मांड्यांतून, पाठीच्या मणक्यांतून एकेक पायरी चढत वर येताना तिला स्पष्ट कळली.

शाळेच्या ऑफिसातल्या बाई शांत होत्या. दिवसभर शंभर माणसं ज्यांच्यावर ओरडतात त्या माणसांची शांतता त्यांच्याकडे होती. "सिस्टीममध्ये एका मुलाला एकच पालक येतो. हिच्यापुढे वडील आहेत. वडिलांच्या फोनवर सहा आकडे जातील, ते त्यांनी आम्हाला सांगायचे, मग आम्ही सोडू." "वडील दुसऱ्या गावात राहतात. त्यांनी दुसरं लग्न केलंय. मुलगी माझ्याकडे असते. तुम्हाला माहीत आहे. तिला ताप आला की तुम्ही मलाच फोन करता." "करतो की. पण तो नंबर माझ्या डायरीत आहे. सिस्टीममध्ये नाही." बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जवळजवळ मायेने म्हणाल्या, "माझ्यावर कशाला चिडता? ज्यांनी बनवलंय त्यांना जाऊन विचारा ना."  पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक राखाडी अक्षरांत, ज्यांनी बनवलंय त्यांचं चिन्ह होतं. तेच चिन्ह तिच्या पगाराच्या कागदावर होतं, तिच्या चहाच्या मगावर होतं, आणि या क्षणी तिच्या खांद्यावरच्या पिशवीवरही होतं. तिने पिशवी हळूच पाठीमागे घेतली.

भावोजींनी चाळीस मिनिटांनी फोन उचलला. ताईचा नवरा. ताई जाऊन तीन वर्षं झाली तरी तिच्या तोंडी तोच शब्द होता, कारण त्याला दुसरं काय म्हणायचं ते कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. "अगं, मीटिंगमध्ये होतो. आलाय इथे आकडा. घे लिहून." तिने तो सहा वेळा मनात म्हटला आणि फाटकापर्यंत आलेल्या बाईंना सांगितला. "पण हे रोज रोज जमायचं नाही हं मला," भावोजी म्हणाले. "म्हणून तर म्हणतेय, शाळेला एक पत्र द्या. माझं नाव लावा म्हणून."  "बघतो. म्हणजे कसं आहे, सध्या आमचा विचार चाललाय. ती आता मोठी झालीय. इकडेच आणावी." "आमचा म्हणजे?" "आमचा म्हणजे आमचा. तूही किती दिवस अडकून पडणार? तुला तुझं आयुष्य आहे." फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, इतका वेळ फाटकाचा गज तिने मुठीत आवळून धरला होता. तळहातावर गंजाची आडवी रेघ उमटली होती. खडूने येऊन तो हात धरला, रेघेवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मला शू लागलीय. केव्हाची."

घरापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. त्या वीस मिनिटांत ती मनातल्या मनात एकेकाशी भांडली. आधी वॉचमनकाकांकडे गेली, त्यांना चार शब्द सुनावले, परत आली. मग ऑफिसातल्या बाईंकडे. मग मुख्याध्यापकांकडे, ज्यांना तिने जन्मात एकदाच पाहिलं होतं. मग भावोजींकडे, तिथे जरा जास्त वेळ लागला. मग त्या नव्या बायकोकडे. तिच्याशी भांडायला खरं तर काहीच नव्हतं, आणि म्हणून राग आणखी वाढला. प्रत्येकासाठी वेगळी फेरी. तिच्या स्वतःच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलामुलींना ती हेच करू देत नसे. सहाशे मुलांची यादी हवी असेल तर डेटाबेसच्या कपाटाकडे सहाशे वेळा जाऊ नका रे, एकदाच जा आणि सगळ्यांचं सगळं एकदम घेऊन या, असं ती त्यांना शंभरदा सांगायची. आणि आता तिचं स्वतःचं डोकं नेमकं तेच करत होतं: जायचं, एक माणूस आणायचा, त्याला झोडपायचं, परत जायचं. शेवटची फेरी कप्तानाकडे. कप्तान म्हणजे शाळांची ही सिस्टीम बनवणाऱ्या तिच्या कंपनीचा मालक. सुरुवातीला चारच माणसं असताना तो स्वतःच्या खुर्चीला जहाजाचं सुकाणू म्हणायचा, तेव्हापासूनचं नाव. "एक मूल, एक पालक," त्याचा आवाज तिला लख्ख आठवत होता. पाच वर्षांपूर्वी, कंपनीला पहिली शाळा मिळाली तेव्हा. तिने तर तेव्हाच सांगितलं होतं की असं नसतं. सांगितलं होतंच. नक्की सांगितलं होतं.

मावशी हा शब्द तिने मागितलेला नव्हता. ताई गेली त्या आठवड्यात भेटायला आलेल्या प्रत्येक बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवत तीच म्हण म्हटली, माय मरो पण मावशी जगो, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं, जीभ हासडावी या म्हणीची. एकाच वाक्यात एकीला मारायचं आणि दुसरीला कामाला लावायचं! मारणारं कोण, जगवणारं कोण, आणि मावशीला कुणी विचारलं होतं का? तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, दोन खोल्यांत एकटी राहत होती, आणि घरी आल्यावर कुणाशीही बोलावं लागत नाही हे तिचं सर्वांत मोठं सुख होतं. भावोजी म्हणाले, महिनाभर ठेव. महिन्याची तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत तिला वेणी घालता यायला लागली, दुधाचे दात कशात ठेवायचे ते कळलं, आणि दारात छोटी चप्पल वाजली की हातातलं काम टाकून ती उठू लागली. पण शाळेतून एकही निरोप तिच्या फोनवर आला नाही. एकदा सगळी मुलं रंगीत कपडे घालून आली आणि खडू एकटी गणवेशात. संध्याकाळी खडू काही बोलली नाही, फक्त गणवेशाच्या बाहीवर तिने स्केचपेनने लाल, हिरवे, निळे पट्टे ओढून ठेवले होते. तो पट्टेवाला सदरा धुताना ती भावोजींच्या नावाने एवढी ओरडली होती की शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केली. निरोप तुम्हाला येतात, पुढे पाठवायला काय होतं? भावोजी म्हणाले होते, मला रोज पन्नास निरोप येतात, त्यातला कुठला महत्त्वाचा ते मला काय कळणार. त्यांना का येतात आणि तिला का येत नाहीत, हा प्रश्न तिने तेव्हा स्वतःला विचारला नाही. रागाचं हे एक बरं असतं, एक माणूस सापडला की तो पुढे शोधत नाही.

जेवणाआधी खडू टेबलावर येऊन बसली. "त्या पडद्यात तू का नाहीस?" "कारण तो मूर्ख आहे." "तू बनवलास ना पण? तुझ्या मगावरचं चित्र आहे त्याच्यावर." पोरं कुठे बघतील सांगता येत नाही.  मग जुन्या वहीची दोन पानं फाडून तिने चिठ्ठ्या केल्या. लहान मुलाला एखादी गोष्ट खरी सांगायची असेल तर ती हातात देता आली पाहिजे, हे तिला खडूनेच शिकवलं होतं. "हे बघ. ही तुझी चिठ्ठी. यावर तुझं नाव, तुझा वर्ग आणि एक नंबर. हा नंबर दुसऱ्या कुणाचाच नाही." "चारशे बारा," खडू म्हणाली. शाळेचा नंबर तिला पाठ होता. "चारशे बारा. आता या दुसऱ्या चिठ्ठ्या मोठ्या माणसांच्या. यावर त्यांची नावं. आता सांग, कुठला मोठा माणूस कुणाचा, हे कसं कळेल?" खडूने विचार केला. "माझ्या चिठ्ठीवर सगळ्यांची नावं लिहायची." "आणि माणसं वाढली तर? चिठ्ठी केवढीशी. म्हणून उलटं करतात. तुझ्या चिठ्ठीवर काहीच लिहायचं नाही. ज्या माणसाला तुझं व्हायचंय, त्याने आपल्या चिठ्ठीवर तुझा नंबर लिहायचा. मग पडद्याला विचारायचं, चारशे बारा कुणाकुणाच्या चिठ्ठीवर आहे? तो सगळ्या चिठ्ठ्या बघून सांगतो." खडूने एक कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली, वर पेन्सिल ठेवली. "मग लिही ना. सोप्पं तर आहे." तिने पेन्सिल उचलली आणि तशीच धरून बसली. खडू वाट बघत होती. मग वाट बघायचा कंटाळा आला म्हणून तिने स्वतःच मोठ्या माणसाची चिठ्ठी ओढून घेतली आणि जीभ बाहेर काढून, चारातलं पोट जरा मोठं करत, ४१२ लिहिलं.

"ताई गं," तिने भांडी घासताना नळाला म्हटलं. ताईने एकदा विचारलं होतं, पाच वर्षांपूर्वी. तो फोन तिला आठवायचा नव्हता, पण नळाखाली हात असले की नेमकं तेच आठवतं, कारण तेव्हाही हात नळाखालीच होते, फोन खांद्यानं दाबून धरला होता. "हिच्या शाळेचा फॉर्म भरतेय. तुमचीच सिस्टीम आहे बरं का, छान आहे. पालक म्हणून तुझंही नाव टाकते." "मला नको गं घेऊस त्यात. आई आहे, बाप आहे, आणखी कशाला? शाळेवाले उठता बसता फोन करतात. डोक्याला ताप." ताई म्हणाली, "बरं." एवढंच. जशी एखादी सुई मागावी आणि नसेल तर राहू दे म्हणावं. तेव्हा ताईच्या पर्समध्ये डॉक्टरांचा कागद होता. तो दोन महिन्यांचा जुना होता, हे नंतर कळलं. सांगितलं असतंस तर! त्या एका "बरं"मध्ये एवढं सगळं कोंबून ठेवलंस आणि मला तो साधा फोन समजून बोलू दिलास. मरणाऱ्या माणसावर चिडता येत नाही, मेलेल्यावर तर नाहीच नाही. मग तो राग जातो कुठे? तो वॉचमनकाकांवर जातो, बाईंवर जातो, स्टीलच्या पातेल्यावर जातो. पातेलं तिने इतकं घासलं की तळाशी कारखान्याचा शिक्का होता तो पुसट झाला.

सकाळी ती कप्तानाच्या दारात जाऊन उभी राहिली तेव्हा त्याने अजून बॅगही खाली ठेवली नव्हती. "एक मूल एक पालक," ती म्हणाली. "लक्षात आहे का कुणाचं वाक्य? काल माझी भाची पाऊण तास गजाआड उभी होती त्या वाक्यापायी." बाहेरच्या टेबलांवरचे आवाज थांबले. कप्तानाने सगळं ऐकून घेतलं. मग बॅग ठेवली, खुर्चीत बसला, डोळे चोळले. "वाईट झालं. फारच वाईट झालं. पण वाक्य माझं नाही." "तुमचंच आहे." "अगं, मी भांडलो होतो तुझ्याशी. मला तीन बहिणी, मला चार काकूंनी वाढवलंय, मी कशाला म्हणेन एक पालक? इतिहास बघ ना. तिथे सगळं असतं." इतिहास म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद: कुठली ओळ, कधी, कुणी. तो कधी विसरत नाही आणि कुणाला वाचवत नाही, असं ती नव्या मुलांना बजावायची. ती आपल्या जागेवर आली. पीएचपी या संगणकभाषेच्या ज्या तयार सांगाड्यात, फ्रेमवर्कमध्ये, त्यांचं सगळं काम चालायचं त्यात प्रत्येक टेबलाचं, म्हणजे माहितीच्या तक्त्याचं, एक मॉडेल असतं, आणि त्या मॉडेलमध्ये एका ओळीत सांगायचं असतं की याचं त्याच्याशी नातं काय. विद्यार्थ्याच्या मॉडेलमध्ये पालकांची ओळ होती. हॅज वन. एकच आहे. तिने त्या ओळीचा इतिहास उघडला. खाली आधीची ओळ दिसली: हॅज मेनी. पुष्कळ आहेत. आणि दोन्हींच्या मधे बदल करणाऱ्याचं नाव, आणि त्याने लिहिलेला शेरा: यादी ठीक केली. पालक एकच.

नाव तिचं होतं.

मग हळूहळू, जसा पाण्यातून एखादा दगड वर यावा तसा तो दिवस वर आला. शाळेने तक्रार केली होती. वर्गाच्या यादीत एका मुलापुढे तीन तीन फोन नंबर येतात, रकाना फुटतो, छापलं की दोन पानं होतात. करायला हवं होतं ते साधं होतं: छापायच्या यादीपुरता एक नंबर निवडायचा आणि नातं जसं आहे तसं ठेवायचं. दहा मिनिटांचं काम. पण तिने यादीला हातच लावला नाही. तिने नातंच बदललं. एक शब्द. दीड मिनिट. कप्तान म्हणाला होता, असं नसतं अगं, आणि ती म्हणाली होती, एक मूल, एक पालक पुरे, उगाच गर्दी कशाला. आवाज तिचाच होता. इतकी वर्षं तिने तो त्याच्या तोंडी ठेवून दिला होता आणि मधूनमधून जाऊन त्याच्यावर चिडून येत होती. एका शब्दाने पुढचं सगळं बदललं: निरोप एकालाच, तापाच्या फोनसाठी बाईंना डायरी, आणि आता नव्या मुलांनी बनवलेल्या फाटकाच्या पडद्यावरही एकच. तो पडदासुद्धा तिने गेल्या महिन्यात तपासून "ठीक" म्हटलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. चिडायला समोर कुणी उरलं नाही की राग मावळेल असं तिला वाटायचं. तसं होत नाही. तो आणखी आत वळतो आणि तिथे त्याला पुष्कळ जागा सापडते.

मग तिने एक गोष्ट केली जी तिने कालच करायला हवी होती. मॉडेलला न विचारता तिने सरळ टेबलाला विचारलं. मॉडेल म्हणतं एकच आहे, म्हणून ते पहिली ओळ उचलून आणतं आणि थांबतं. टेबलाला असलं काही माहीत नसतं. त्याच्याकडे जे आहे ते आहे. चारशे बारा कुणाकुणाच्या चिठ्ठीवर आहे? पडद्यावर तीन ओळी आल्या. पहिली भावोजींची. दुसरी ताईची, फोन नंबरासकट. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाला मिळाला असेल. आणि तिसरी. तिसऱ्या ओळीत तिचं नाव, तिचा नंबर, नात्याच्या रकान्यात "इतर", कारण आई, वडील, आजी, आजोबा यांनंतर यादीत तेवढंच होतं, आणि ती यादीही तिनेच केली होती. ओळ लिहिल्याची तारीख त्या फोनच्याच दिवसाची. संध्याकाळची वेळ. म्हणजे ताईने "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि लिहिलं. आणि अकरा दिवसांनी या धाकटीने तो एक शब्द बदलला. अकरा दिवस ती ओळ उघडी होती, मग पाच वर्षं ती टेबलात तशीच पडून राहिली, कुणी विचारलं नाही म्हणून. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. फॉर्ममध्ये शेरा असावा असा हट्टही तिचाच, लोक तिथे "दम्याचा त्रास" किंवा "दुपारी फोन करू नये" असं लिहायचे. ताईने लिहिलं होतं: नाही म्हणेल, पण येईल.

तिने ते एकदा वाचलं. मग खुर्ची मागे सारून ती बाहेर जिन्यात गेली आणि तिथल्या पाण्याच्या रिकाम्या पिंपाला तिने लाथ मारली. आवाज चार मजले घुमला. बरं म्हणालीस. मला वाटलं मी जिंकले. तू काय समजत होतीस मला, आधीच लिहून ठेवायला? आणि मी आले नसते तर? तीन वर्षं मी रोज दोन वाजता फाटकावर आले, मला वाटत होतं मी माझ्या मर्जीने येतेय, कुणी मागितलं नसताना, सगळ्यांवर उपकार करत. आणि तू ते आधीच लिहून मोकळी. ती रडत होती का ते तिला नीट कळत नव्हतं, पायाचा अंगठा भयंकर ठणकत होता.

साडेअकराला ती परत बसली. शब्द बदलायला दीड मिनिटही लागलं नाही. वेळ लागला तो बाकीच्याला. जिथे जिथे एका माणसाकडून फोन नंबर मागितला होता तिथे आता घोळका येणार होता, आणि घोळक्याचा फोन नंबर विचारला की सगळं कोसळतं. अशा सात जागा तिने शोधल्या. छापायच्या यादीसाठी वेगळी ओळ लिहिली, पाच वर्षांपूर्वी लिहायला हवी होती ती. नात्याच्या यादीत "इतर"च्या आधी मावशी, आत्या, काका, मामा घातले. पण तिसऱ्या ओळीतलं "इतर" तिने बदललं नाही. ते ताईच्या हातचं होतं. कप्तान येऊन मागे उभा राहिला. "तीस शाळा आहेत. पुढच्या आवृत्तीत घेऊ, नीट तपासून." "दोन वाजता ती गजाआड उभी राहील. तिला पुढची आवृत्ती कधी येणार ते सांगू?" "आणि सगळं बंद पडलं तर?" "माझ्या नावावर टाका."  "तपासलंस?" "सात ठिकाणी. दोनदा." "तुझ्या भावोजींचं काय? ते काही म्हणाले तर?" "त्यांची ओळ मी काढलेली नाही. पहिलीच आहे. त्यांना यायचं तर त्यांनी दोन वाजता फाटकावर यावं." कप्तानाने नाक खाजवलं. "टाक मग. पण जेवणाच्या आत. पोटात काही असलं की मला धक्के सोसत नाहीत."

दोनला पाच कमी असताना ती फाटकावर होती. अंगठा बुटात सुजला होता. रांग हळूहळू पुढे सरकत होती, पडदा प्रत्येकाला काहीतरी सांगत होता, आणि प्रत्येक वेळी आज काय कोसळेल म्हणून ती मान उंच करून तिकडे बघत होती. काल न ओळखलेल्या एका आजोबांना पडद्याने आज ओळखलं. "वा!" ते पडद्यालाच म्हणाले. मग तिची पाळी आली. वॉचमनकाकांनी खडूच्या नावावर बोट ठेवलं आणि भुवया वर केल्या. "आज तीन आले." ते बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागले, वाचायला उशिरा शिकलेल्या माणसासारखं, मोठ्याने. पहिलं नाव वाचलं. दुसरं नाव वाचलं. ताईचं नाव त्या फाटकावर, सगळ्या पालकांच्या गर्दीत, असं सहज, हजेरीत घ्यावं तसं घेतलं गेलं आणि कुणी मान वळवली नाही, फक्त गजांच्या पलीकडे खडूच्या दातातून बाटलीचा पट्टा सुटला. "आणि हे तिसरं. खाली काहीतरी लिहिलंय," काका म्हणाले. "नाही म्हणेल, पण... येईल." त्यांनी वर पाहिलं. "हे कोण हो?"

शेरा फाटकावर दिसता कामा नये. आठवी जागा तिच्या नजरेतून सुटली होती. उद्या दुरुस्त करावी लागेल, तिच्या मनात एक भाग लगेच म्हणाला. दुसरा भाग अजून ताईवर चिडलेला होता, आणि तो बहुतेक असाच चिडलेला राहणार होता, जिवंत माणसांवर राहतो तसा.

"मी," ती म्हणाली. "ती तिसरी मी आहे."

काकांनी खटका सोडला. खडू बाहेर आली, थेट पडद्याजवळ गेली, टाचा उंच करून नाक लावून तिने तिन्ही ओळी स्वतः वाचल्या, आणि मग वळून, भांडणाच्या सुरात म्हणाली, "माझ्या चिठ्ठीवर हे नव्हतं. हे कुणी लिहिलं?"

"घरी चल," ती म्हणाली. "सांगते."